दाईचं काम

"पुन्हा घ्या," बापू ओगल्यांनी पेटीवरचा हात उचलून कपाळाला लावला. "द्वारकाताई, वाक्य साधं आहे हो. 'सेनापती, दिवा लावल्यावाचून ही म्हातारी डोळ्याला डोळा लावणार नाही.' एवढंच म्हणायचंय."

"विसरले," आत्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्यापासून घ्या."

"पहिल्यापासून कशाला? तुमच्याच वाक्यापासून घेऊ ना."

"मागचं ऐकल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही."

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? नाटकाची हस्तलिखित नक्कल मांडीवर घेऊन खांबाआड बसलेली प्रॉम्प्टर मी, तीही नवी. लग्न होऊन देवखोलात आले त्याला वर्ष झालं नव्हतं. आधीच्या प्रॉम्प्टरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले आणि बी. ए. झालेली सून घरात आहे म्हणून मामंजींनी मला परस्पर देऊन टाकलं होतं.

सेनापती झालेले मामंजी पुन्हा पुढे झाले. साठीला टेकलेले, पोट सुटलेले, पण आवाज असा की आरती म्हणू लागले की लोक आपलं म्हणणं थांबवून ऐकत. त्यांनी आत्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दाई, नीट ऐक. या जगात माझा विश्वास आता तुझ्या एकटीवर. लेखा सुटली की माडीच्या खिडकीत दिवा लाव. दिवा दिसला की मी नौका घेऊन येईन. नाही दिसला, तर ती गेली असं समजेन आणि मग मीही राहणार नाही. दाई, तू मला आईच्या जागी आहेस."

आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"सेनापती, दिवा लावल्यावाचून," मी खांबाआडून कुजबुजले.

"ऐकू नाही आलं गं," आत्या म्हणाल्या. "पुन्हा घ्या."

आमच्या देवखोलात माघातल्या उत्सवाला एकच नाटक होई, 'संगीत तरंगलेखा'. पणजोबांच्या काळातलं, आणि कामं ठरलेली. ठरलेली म्हणजे घराण्यांकडे. जशी पालखी अमक्याच्या खांद्यावर आणि अबदागीर तमक्याच्या हातात, तसा राजा ओगल्यांचा, आणि सेनापती वीरसेन आणि दाई दोन्ही आमच्या खांबेट्यांची. गोष्ट अशी की राजकन्या लेखा आणि वीरसेन यांचं एकमेकांवर प्रेम. राजाला ते नको, म्हणून तो लेकीला कोंडून घालतो. दाई तिला सोडवते आणि माडीवर दिवा लावायचं वचन देते. पण म्हातारीचा डोळा लागतो. नदीकाठी उभा वीरसेन वाट बघून बघून शेवटचं पद म्हणतो, "दिवा नाही, दाई, तू घात केलास" म्हणून टाहो फोडतो आणि पाण्यात उडी घेतो. मग लेखा येते, स्वतःच्या हातानं दिवा लावते, आणि तीही त्याच वाटेनं जाते.

शेवटच्या अंकाला खरी सांज आणि खरा दिवा हवा म्हणून खेळ दुपारी उन्हं कलताना सुरू व्हायचा. बायका शेवटी पदर भिजवून घरी जायच्या. आणि दाईवर सगळ्यांचा राग. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोरंसुद्धा ओरडायची, "दाई, दिवा लाव गं." पूर्वी ते काम आमच्या एका चुलत सासऱ्यांकडे होतं. ते हसण्यावारी न्यायचे. आता आत्या करत होत्या, आणि त्या काही बोलायच्या नाहीत.

"विनूभाऊ," तालीम उठल्यावर बापूंनी मामंजींना बाजूला घेतलं, पण आवाज काही त्यांना कमी करता येत नसे. "राग मानू नका. द्वारकाताईंचं आता वय झालं. रोज तोच प्रवेश, रोज तीच चूक. उत्सवात फजिती नको. काम तुमच्या घराण्याचं हे मान्य, पण यंदा आमच्या कुसुमला उभी करू. तिला सगळं पाठ आहे."

मामंजी उपरणं झटकत म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा."

आत्या चार पावलांवरच होत्या. "बापू, मी मेले की कुसुमला उभी करा," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.

त्यांचे गुडघे दुखत. मी हात द्यायला धावले, तर त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की मला नवल वाटलं. "वासंती, काम जाऊ द्यायचं नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तू बापूला काहीतरी सांग. शिकलेली आहेस."

या आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न होऊन गेल्या आणि वर्षाच्या आत विधवा होऊन परत आल्या. त्यानंतर आईवेगळ्या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. सासूबाईंना मी बघितलं नव्हतं, त्या दहा-अकरा वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. आमचे हे नोकरीला रत्नागिरीत, शनिवारी येत. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. आणि त्या तिघांतले दोघं एकमेकांशी बोलत नसत.

हे मला आल्या आल्या कळलं. पहिल्याच सकाळी मामंजी माजघरात येऊन म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, मी देवळात चाललोय." ती म्हणजे आत्या, आणि त्या माझ्या शेजारीच नारळ खोवत होत्या. मी बावळटासारखी वळून म्हणाले, "आत्या, मामंजी देवळात चाललेत." आत्या म्हणाल्या, "ऐकलं. उपरणं घेऊन जा म्हणावं, वारं आहे." मी पुन्हा वळून तेही सांगितलं. पुढे सवय झाली. कधीकधी तर वाटे, लग्न करून मला या घरात आणलं ते निरोप पोचवायलाच.

भांडण म्हणावं तर भांडण नाही. मामंजी जेवायला बसले की आत्या खिडकीशी उभ्या राहून त्यांच्या पानात काय संपतंय ते बघत आणि मला खुणेनं वाढायला सांगत. आत्यांचे गुडघे सुजले की मामंजी कुठून कुठून तेल आणून मुकाट्यानं उंबऱ्यावर ठेवून जात. पण बोलणं म्हणून नाही.

कारण मला शेजारच्या भिमाकाकूंनी सांगितलं. आमच्यातलं काही विचारायचं झालं तर भिमाकाकूंना विचारावंही लागत नसे.

"तुझी सासू, राधा, तापानं फणफणली होती," त्या म्हणाल्या. "विनूभाऊ डोंगरापलीकडे वेताळगावच्या उत्सवात गायला गेलेले. जाताना बहिणीला बजावून गेले, कमीजास्त वाटलं तर माणूस धाड, असेन तसा निघून येईन. दुपारनंतर राधेनं डोळे फिरवले. आणि ही बया काढे उकळत बसली. निरोप नाही, काही नाही. सकाळी विनूभाऊ परत आले तेव्हा सगळं आटपलं होतं. अंगणात आम्ही सगळ्या होतो. ते ओरडले, 'अक्का, निरोप का नाही धाडलास?' आणि ही नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. एक अक्षर तोंडातून काढलं नाही. काढणार काय? तेव्हापासून बोलणं बंद."

"आत्यांनी असं का केलं असेल?"

"अगं, घाबरली असेल, नाहीतर वाटलं असेल होईल बरी. पण जीव गेला तो गेलाच ना. म्हणून तर दुसऱ्याच वर्षी हिनं दाईचं काम मागून घेतलं. लोकांच्या शिव्या खाते वर्षातून एकदा. तेवढंच पाप फिटतं."

मला ते पटलं नाही, पण पटलं नाही म्हणायला माझ्यापाशी काही नव्हतं. आत्यांना मी वर्षभर बघत होते. गाय हंबरली तरी ताटावरून उठणारी बाई ती. शेजारी माणूस मरायला टेकलंय आणि त्या नुसत्या काढे उकळत बसल्या, हे मला कल्पनेतसुद्धा दिसेना.

काम वाचवायचं म्हणून मी दुपारी मागल्या पडवीत त्यांच्याकडून नक्कल म्हणवून घेऊ लागले. पहिल्याच दिवशी चाट पडले. आत्यांना सगळं पाठ. स्वतःचं तर पाठच, पण राजाचं, लेखेचं, वीरसेनाची पदंसुद्धा. मी मधलंच वाक्य टाकलं तरी पुढचं तोंडातून हजर.

"आत्या, मग तालमीत काय होतं तुम्हाला?"

"माणसं बघून घाबरते," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या.

"तुम्ही? बापूंना तुम्ही परवा सगळ्यांसमक्ष झापलंत."

"ते वेगळं," त्या म्हणाल्या, आणि सुपातला खडा बघण्यात गुंतल्या.

आणि संध्याकाळी तालमीत पुन्हा तेच. बाकीच्या प्रवेशांत एक शब्द चुकणार नाही, आणि हा प्रवेश आला की म्हातारी मुकी. मामंजी पुन्हा पहिल्यापासून सांगणार, दाई, नीट ऐक, या जगात माझा विश्वास आता तुझ्या एकटीवर. बापू केस उपटणार. शेवटी बापूंनी सांगून टाकलं की उत्सवाच्या आदल्या दिवसापर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर कुसुम.

त्या आठवड्यात एकदा चहाच्या वेळी देवळाच्या ओट्यावर वाद निघाला. दर वर्षी निघायचाच म्हणे. दोष कोणाचा? पोस्टमास्तर म्हणाले, राजाचा, त्यानं पोरीला कोंडलं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. बापू स्वतः राजा करत, त्यामुळे ते चिडले. म्हणाले, बापानं लेकीचं बघू नये का? दोष सरळ सरळ दाईचा. वचन दिलं होतं तिनं, आणि झोपली.

"म्हातारी होती ती," मी म्हणाले. "दोन दिवस पोरीला सोडवायला वणवण फिरली होती. मला तर वाटतं चुकलं ते वीरसेनाचं."

मला थांबता आलं असतं, पण तेव्हा मी नवी होते आणि बी. ए. ची धुंदी उतरलेली नव्हती. "आता बघा," मी म्हणाले. "खिडकी त्याच्या मागे. पद म्हणतो तेव्हा त्याचं तोंड लोकांकडे. पद संपलं की तसाच 'दिवा नाही' म्हणतो आणि उडी मारतो. मान वळवून एकदा तरी बघतो का तो? मी नक्कल तीनदा वाचली. त्यात 'खिडकीकडे पाहून' असं लिहिलंय. आपल्याकडेच बघत नाहीत."

"कसं बघणार?" बापू म्हणाले. "रंगमंचासमोर गाभारा. शेवटचं पद देवाला म्हटलेलं असतं. देवाकडे पाठ करायची? माझ्या आज्यापासून वीरसेन कधी वळलेला नाही, सूनबाई."

"मग दाईला तरी नावं ठेवू नका. दिवा लागला की नाही हे तुमच्या वीरसेनाला माहीतच नाही."

पोस्टमास्तर हसले. मामंजींनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि उठून चालू लागले. तोंड असं उतरलेलं की मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

घरी आल्यावर मात्र बोलल्या त्या आत्या. "वासंती, वीरसेनाला बोल लावू नकोस पुन्हा."

"का म्हणून? आत्या, दाई तर तुम्ही आहात. मी तुमच्याच बाजूनं बोलत होते."

"दाईला सवय असते," त्या म्हणाल्या. "पुरुषमाणसाला असला बोल सोसत नाही. आत आत कुजतात ते. माझा विनू तर लहानपणापासून हळवा. आपण ऐकून घ्यावं." आणि मग पदरानं माझं तोंड पुसल्यासारखं करून म्हणाल्या, "पण भांडलीस छान हो."

उत्सवाच्या आदल्या दिवशीच्या तालमीत आत्यांनी ते वाक्य पहिल्या झटक्याला म्हटलं. स्वच्छ, ठणठणीत. बापूंनी पेटीवर एक जोराचा सूर दिला आणि म्हणाले, जगदंबा पावली. काम वाचलं.

उत्सवाच्या दिवशी आत्या पहाटेपासून देवळाच्या मुदपाकखान्यात होत्या. गावजेवण म्हणजे द्वारकाताईंच्या हाताखालीच व्हायचं. त्यातून सुटून त्या थेट रंगपटात आल्या, लुगडं बदललं आणि उभ्या राहिल्या. पहिले अंक उत्तम झाले. त्या दोघांच्या प्रवेशाला तर मामंजींचा आवाज भरून आला, नि "आईच्या जागी आहेस" म्हणताना ते क्षणभर अडखळले. मी वाक्य पुरवणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच पुरं केलं.

शेवटचा अंक आला तेव्हा सांज झाली होती. मागच्या बाजूला बाकं रचून, वर गोणपाट लावून माडी केलेली. खिडकीत समई, वात घातलेली, शेजारी काड्यांची पेटी, कारण शेवटी लेखा येऊन ती लावायची. आत्या खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून बसल्या. पुढे निळ्या कापडाची नदी आणि त्यामागे मामंजींना उडी घ्यायला पेंढ्यांची रास. मामंजींनी गाभाऱ्याकडे तोंड करून पद सुरू केलं, 'नभी न तारा, तटी न नौका.' मंडपात कोणी खोकत नव्हतं.

मी विंगेत होते तिथून मला आत्या दिसत. दाईनं झोपायचं असतं, पण ही झोप नाटकातली नव्हती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेला. पहाटेपासून राबलेली बाई खरीच झोपली होती. मला हसू आलं आणि कणवही आली. म्हटलं, झोपू दे, कामच आहे झोपायचं.

दर वर्षी सांजेची नौबत खेळ संपेपर्यंत थांबवत. पण आमचा जुना गुरव गेला होता आणि नव्याला हे कोणी सांगायचं राहून गेलं. वेळ झाली तशी त्यानं बिचाऱ्यानं टिपरू घेतलं आणि नगाऱ्यावर हाणलं. पाठोपाठ घंटा.

आत्या दचकून जाग्या झाल्या. समोर अंधारून आलेलं, नौबत चाललेली आणि पुढ्यात न लावलेली समई. आयुष्यभर त्या वेळी जे केलं तेच त्यांच्या हातांनी केलं. पेटी उचलली, काडी ओढली, वात लावली, पदर डोक्यावर सारखा केला आणि हात जोडून, डोळे मिटून सांजवातीचा श्लोक पुटपुटू लागल्या.

माझ्या हातातली नक्कल खाली पडली. मंडपात एकदम कुजबुज उठली. मामंजींना वाटलं, पदाला दाद आली. त्यांनी शेवटची तान अशी घेतली की तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. मग दोन्ही हात पसरून, गाभाऱ्याकडे बघत, दरसालचं वाक्य त्यांनी टाहो फोडून म्हटलं, "दिवा नाही! हाय दाई, तू घात केलास!"

मागे समई लख्ख जळत होती.

आधी कोणीतरी हसलं. मग बायकांतून आवाज आला, बहुतेक भिमाकाकूंचाच, "अहो विनूभाऊ, दिवा आहे की. मागं बघा."

"नदीमाते, मला पोटात घे," मी पुढचं वाक्य जिवाच्या आकांतानं पुरवलं. मामंजींनी ते घेतलं नाही. ते वळले. देवाकडे पाठ करून, सावकाश, पूर्ण वळले.

तोपर्यंत आत्यांनी डोळे उघडले होते. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. "चुकलं, चुकलं," त्या म्हणाल्या आणि वात विझवायला त्यांनी हात पुढे केला.

"राहू दे, अक्का," मामंजी म्हणाले. "विझवू नको."

हे वाक्य नाटकातलं नव्हतं हे मंडपातल्या लहान पोरालाही कळलं. जुनी माणसं तर श्वास रोखून बसली, कारण विनूभाऊंच्या तोंडून अक्का हा शब्द त्यांनीही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मामंजी दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लोकांकडे तोंड केलं. सेनापतीची पगडी काढून हातात घेतली. आवाज गाण्याचा नव्हता, घरातला होता.

"दिवा होता," ते म्हणाले. "तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्या बहिणीला बोलता. निरोप आला होता. तिनं दुपारीच धाडला होता तेव्हाच्या आमच्या गड्याला, धाकूला. धावत आला तो डोंगर चढून. मी वेताळगावला विंगेत उभा होतो, तोंडाला रंग लावून. त्यानं सांगितलं, वैनीचं खरं नाही, चला. मी म्हटलं, एवढा अंक होऊ दे. मग पद रंगलं. लोकांनी पुन्हा मागितलं. मी पुन्हा म्हटलं."

बापू विंगेतून "पडदा, पडदा" म्हणत होते, पण पडद्याच्या दोरीवरचा माणूसही ऐकत उभा होता.

"सकाळी घरी आलो. अंगण भरलेलं. मला काही सुचेना, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो, निरोप का नाही धाडलास. तिला सगळं माहीत होतं. धाकू परत येऊन सांगून गेला होता, त्यालाही तिनंच गप्प ठेवलं. ती एका शब्दात मला उघडं पाडू शकली असती. नाही पाडलं. त्यानंतर मला तिच्याशी बोलायला तोंडच राहिलं नाही. माझ्या राधेला मीच घालवलं. अक्कानं नाही."

ते मटकन खाली बसले, त्या निळ्या कापडावर. आत्या माडीवरून उतरू लागल्या. गुडघे साथ देईनात, बाकं डुगडुगायला लागली. मी आणि बापू धावलो, पण त्यांनी आम्हाला हातानं सारलं. भावाजवळ जाऊन त्या बसल्या, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "उगी," त्या म्हणत होत्या. "उगी, विनू. ताप वाईट होता रे. तू आला असतास तरी गेलीच असती ती. उगी." साठ वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडत होता. भिमाकाकू पदर तोंडात धरून बसल्या होत्या. मीही रडले, सांगायला लाज कसली.

पडदा कोणीतरी पाडला. पण गावची मंडळी ती गावचीच. थोड्या वेळानं कुजबुज सुरू झाली की वीरसेन मेला नाही, लेखाही मेली नाही, म्हणजे उत्सव पुरा कसा झाला? देवाची सेवा अर्धी राहिली. शेवटी ठरलं, सकाळी देवापुढे तेवढा शेवटचा प्रवेश उरकून घ्यायचा.

सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात आवाज येत होता. मामंजी चुलीसमोर पाटावर बसले होते. मी त्यांना तिथं कधी बघितलंच नव्हतं. बोलत होते. मधल्या आळीतला फणस कसा वठला ते, ह्यांची बढती कशी अडली ते, कुठल्याशा वैद्यानं गुडघ्यांवर काय सांगितलंय ते. काही म्हणून क्रम नव्हता. मधेच राधाबाईंचं नाव येई, मग ते थांबत आणि पुन्हा सुरू होत. आत्या घावनं घालत होत्या आणि "हूं" म्हणत होत्या. एक घावन करपलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात मागल्या दारी बापू ओगले. "द्वारकाताई, चला हो. मंडळी खोळंबलीत. एकदाचं वीरसेनाला मारू आणि मोकळे होऊ. आणि आज झोपा मात्र नाटकातल्या."

"कुसुमला उभी करा," आत्या म्हणाल्या.

बापू बघतच राहिले. "काय म्हणता? महिनाभर या कामापायी माझ्याशी भांडलात. मी मेले की कुसुमला द्या म्हणालात."

"आता आजपासून ते तिचंच."

"पण आत्या," मला राहवेना. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे. तालमीत तुम्ही मुद्दाम चुकत होता ना?"

आत्यांनी उलथणं खाली ठेवलं. मामंजींकडे बघितलं आणि जरा लाजल्याच. "अगं, वर्षातून एकदा हा माझ्याशी बोलायचा, तो त्या प्रवेशात. माझ्या तोंडाकडे बघून बोलायचा. मी चुकले की बापू म्हणायचे, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं की हा पुन्हा बोलायचा."

मामंजींनी मान खाली घातली. बापू डोक्यावरची टोपी काढून उगीच झटकत राहिले. "बरं, दाई कुसुम करेल," ते शेवटी म्हणाले. "पण वीरसेन तरी द्याल की नाही? देव वाट बघतोय."

"बघू दे," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी तव्यावर नवं घावन घातलं. "विनूचं बोलून झालं की पाठवते त्याला."